काही वाजवायचं न्हाई

माझ्या संगीताला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत खाज म्हटलं. आमचा सिनेमा थरारपट होता, म्हणून मी बुलबुलतरंगावर आठ दिवस खपून एक धून बसवली होती. वरच्या पट्टीत, तारा थरथरवत, चढत चढत जाणारी. त्यांच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून मी ती वाजवली, डोळेसुद्धा मिटून घेतले. अर्ध्यात त्यांनी हात वर केला. "थांब. ह्यात भीती कुठं हाय? तुला खाज सुटलीया नुसती. जिथं सुटलीया तिथं खाजव, माझ्या टेपवर नको." आतून काकू, त्यांच्या पत्नी, हसल्या. दिलीप, म्हणजे आमचा दिग्दर्शक, माझा जिवलग मित्र, तोही हसला. मी एकोणीस वर्षांचा होतो, गायनाच्या दोन परीक्षा पास होतो आणि कॉलेजात मला सगळे 'संगीतकार' म्हणत. हे लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात.

डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नव्हेत. ते आमच्या कॉलनीतले कंपनीचे मेंटेनन्स फिटर. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर कायम त्यांच्या कमरेला असे. मशीन कुरकुरायला लागलं की त्याचं टोक ते मशीनच्या अंगाला लावत, मूठ कानामागच्या हाडाला टेकवत आणि डोळे मिटत. मग निकाल सांगत. "आठ दिस काढंल." "उद्याच्या पाळीत जाम हुईल, आत्ताच खोला." म्हणून ते डॉक्टर. त्यांच्या शब्दावर चालू मशीन बंद करून खोललं जाई आणि आत बेअरिंगच्या गोळ्या खरंच चरे पडलेल्या निघत. चिंचवडपासून आकुर्डीपर्यंत एवढ्या कंपन्या, पण असा कान कुणाकडे नाही, असं त्यांचा फोरमन छाती फुगवून सांगे. आणि हा माणूस त्या कौतुकानं असा काही माजला होता की विचारू नका.

त्यांच्याकडे जाण्याची माझी इच्छा नव्हती, पण इलाज नव्हता. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी सिनेमा काढायचं डोक्यात घेतलं होतं. 'शेड नंबर चार' त्याचं नाव. बंद कारखान्यात शिरलेला चोर आणि त्याच्या मागावरचा वॉचमन. कॅमेरा दिलीपच्या मामाचा, लहान फिल्मचा, मुका. चित्र भिंतीवर पाडायचं आणि आवाज शेजारी टेपवर वाजवायचा, अशी युक्ती होती. आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर अख्ख्या कॉलनीत एकाच घरात होता. डॉक्टर पूर्वी एका गायन पार्टीत ढोलकी वाजवत. पार्टीची गाणी भरून ठेवायला त्यांनी तो हौसेनं घेतला होता. पुढे त्यांनी पार्टी सोडली. का सोडली विचारलं तर म्हणत, "गळं बिघडलं सगळ्यांचं. बायांचा आवाज वर जाईचना." रेकॉर्डर द्यायला ते तयार झाले, पण अट घालून. "मशीन माझं, तर आवाज बी माझा. तुमी चित्रं काढा."

त्यांच्याशी बोलायचं म्हणजे एक शिक्षा होती. "तोंडासमोर येऊन बोल" हे त्यांचं पालुपद. बाजूनं काही विचारलं की उत्तर नाही. मागून हाक मारली की ढिम्म. एकदा मी दारातून काहीतरी पुटपुटलो तर जवळ आले, माझी हनुवटी चिमटीत धरली आणि तोंड स्वतःकडे वळवलं. "आता बोल. माणसागत बोल." कॉलनीत सगळे म्हणत, डॉक्टरला गर्व झालाय, हाक मारली तरी वळून बघत नाही. मीही हेच म्हणत असे, जरा जास्त चवीनं.

गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे आमचं काम गुरुवारी चाले. दुपारी जेवणं झाली की आम्ही त्यांच्या खोलीत. काय छळ मांडला होता त्यांनी! वॉचमनच्या बुटांचा आवाज हवा होता. दिलीपनं साधे बूट घालून फरशीवर चालून दाखवलं. "खोटं." पत्र्यावर चालला. "खोटं. ह्यो माणूस बाजारात चाललाय. भ्यालेला माणूस आधी टाच टेकतो का चवडा?" अख्खी दुपार दिलीप भ्यायल्यासारखा चालत राहिला आणि डॉक्टर जमिनीवर तळहात टेकून बसले होते. संध्याकाळी कुठंतरी ते म्हणाले, "आता खरं." आम्ही टेप ऐकली आणि, सांगायला लाज वाटते, माझ्या अंगावर काटा आला.

माझी धून त्यांनी फक्त सुरुवातीला पडद्यावर नावं येतात तेवढ्यापुरती ठेवली. जेमतेम दहा सेकंद. बाकीची टेप दाढीच्या ब्लेडनं कापून खाली टाकली, आणि संध्याकाळी काकूंनी केर काढताना माझं आठ दिवसांचं संगीत सुपलीत भरून नेलं. मी बघत होतो. दिलीप मला म्हणाला, "अरे, म्हातारा बरोबर बोलतोय." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

त्या पुढच्याच गुरुवारी मला त्यांचं गुपित कळलं. चोर कुलूप फोडतो त्याचा आवाज भरत होतो. मी कुलपावर कानस घासत होतो, डॉक्टर टेपवर, दिलीप त्या दिवशी आला नव्हता. एवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. चांगली लांबलचक. मी हात थांबवला, तर त्यांनी डोळे वटारले आणि हातानं खुणावलं, चालू ठेव. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. मग त्यांनी टेप उलटी फिरवून ऐकली. कुलूप, कानस, आणि त्याच्या डोक्यावर बोंबलणारा कुकर. डॉक्टर मान डोलावत म्हणाले, "झकास. एकदम खरं."

मला हसू फुटलं. मी आतल्या दाराकडे पाहिलं तर काकू उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी निघालो तशा त्या जिन्यात मागोमाग आल्या. माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "बाबा, कुणाला बोलू नगंस. अकरा वर्सं हॅमर शॉपला हुते, घणाच्या दणक्यात. तिथंच कान गेलं. शिट्टी, पाखरं, बायामाणसाचं गाणं, बारीक आवाज काय बी येत न्हाई. जाड आवाज येतो, बाकी तोंड बघून जुळवत्यात. आमच्या ल्योकाला सुद्धा ठाऊक न्हाई." मी विचारलं, मग मशीनचं कसं ओळखतात? "ते हाडातनं कळतंय त्यांना. आजवर एक डाव बी चुकलं न्हाईत. पर कंपनी मानंल का? कळलं तर मशीनजवळ उभं करणार न्हाईत. कुठंतरी कोपऱ्यात बसवतील. आन् त्या कामात जीव हाय रं त्यांचा. ते काढलं तर माणूस हाती लागायचा न्हाई." त्यांनी मला शपथ घातली आणि मी ती घेतली.

आता खरं सांगतो. मला त्या माणसाची दया आली नाही. जिना उतरता उतरता मला आनंद झाला. म्हणजे माझी धून त्यांना ऐकूच आली नव्हती! वरचे सूर त्यांच्या कानात शिरलेच नव्हते, त्यांना ऐकू आली होती फक्त तारांवरची माझ्या नखांची खरखर. तिला ते खाज म्हणाले होते. आणि ह्या माणसानं माझ्या संगीताचा केर केला, माझ्या मित्रादेखत मला मूर्ख ठरवलं! शपथ घेतली होती म्हणून तोंड तेवढं बंद ठेवलं.

त्यात तो चार मिनिटांचा प्रसंग आला. सिनेमाचा सगळा जीव त्यात होता. वॉचमन अंधाऱ्या शेडमध्ये शिरतो, चोर मशीनमागे दबा धरून बसलाय, आणि चार मिनिटं कुणी कुणाला दिसत नाही. मला तिथं संगीत हवं होतं. माझंच असं नाही, कसलंही, पण काहीतरी चढत जाणारं. डॉक्टरांनी चार मिनिटांची कोरी टेप मोजून जोडली. "हितं काही वाजवायचं न्हाई."

"लोक शिट्ट्या मारतील," मी म्हणालो. "कॉलनीतले कामगार आहेत बघायला. चार मिनिटं गप्प बसतील का?"

"तीच बसतील. आठ तास आवाजात काढत्यात ही माणसं. आवाजाला कोण भितंय? चालतं मशीन अचानक गप झालं की सगळी शेड मान वर करती. पोटात खड्डा पडतो. तू कदी उभा ऱ्हायलास का शेडमधी?"

उत्तर बिनतोड होतं. आज मला ते कळतं. त्या दिवशी दिलीपनं लगेच त्यांची री ओढली आणि माझं डोकं फिरलं. मी तोंडासमोर जाऊन, अगदी शब्द न् शब्द सुटा करून म्हणालो, "तुम्हाला आवाजातलं काय कळतं हो?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. दिलीपला यातलं काही कळलं नाही. डॉक्टर हळूच म्हणाले, "निघ. टेप झाली की दिलीपकडं दीन. तू हितं येऊ नगंस."

आकुर्डी गावठाणात एक पिठाची गिरणी होती. तिच्या बेअरिंगनं कधीचा आकांत मांडला होता. चक्की सुरू झाली की आधी बारीक सूं असा आवाज येई, मग तो चढत चढत असा किंचाळे की दळायला आलेल्या बाया कानांवर हात ठेवत. गिरणीवाला म्हणाला, "व्हय, लई दिस झालं वरडतंय. कवा बसंल नेम न्हाई. तुमाला कशाला पायजे?" मी म्हटलं, सिनेमाला. "ह्यो आवाज?" त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. वर्गमित्राचा कॅसेट रेकॉर्डर मी चक्कीजवळ धरला आणि चार मिनिटं भरून घेतली. मला अजून वाटतं, त्या वयात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

चित्राशी मेळ बसवायला टेप आणि मशीन खेळाच्या दोन दिवस आधी आमच्याकडे आलं. दिलीप हॉलच्या खुर्च्यांच्या मागे धावत होता. मी वायर जोडली आणि त्या कोऱ्या चार मिनिटांवर गिरणी उतरवली. तेव्हा मनात काय होतं? 'चुकून झालं' असं म्हणायची माझी हिंमत नाही. डॉक्टर समोर बसतील, त्यांना वाटेल आपली शांतता चाललीय, लोक घाबरतील ते माझ्या आवाजाला, आणि त्यांना कळणारही नाही, ह्या कल्पनेनं मला गुदगुल्या होत होत्या. कामगारांचा मी विचारच केला नव्हता.

गुरुवारी दुपारी कॉलनीचा हॉल भरला. खिडक्यांना घोंगड्या आणि चादरी बांधून अंधार केला होता. बाप्ये एका बाजूला, बायापोरं दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेत डॉक्टर, धुतलेला पांढरा शर्ट घालून, आणि शेजारी त्यांचा फोरमन. आवाजाची पेटी आम्ही मागच्या भिंतीशी ठेवली होती, वर कंपनीनं बसवलेला एक जुना एक्झॉस्ट फॅन होता, तो घरघरत होता. सिनेमा रंगला. बुटांच्या आवाजाला तर एका पोरानं भोकाड पसरलं. फोरमननं डॉक्टरांच्या मांडीवर थाप मारली.

मग शेड आली. पडद्यावर जवळजवळ काळोख, काही हलत नाही. आणि मागून सूं सुरू झालं.

आधी तिसऱ्या रांगेतला प्रेस शॉपचा एक म्हातारा कामगार वळला. मग त्याच्या शेजारचे दोघे. आवाज चढायला लागला तशा माना मागे फिरल्या, पडद्याकडे नव्हे, पंख्याकडे. "ए, बेअरिंग चाललं!" "फॅनचं हाय, फॅनचं!" "सरका, पोरं उचला, पातं सुटंल!" धडाधड खुर्च्या पडल्या. आयुष्यभर जे केलं तेच ती माणसं करत होती. मरणाऱ्या मशीनचा आवाज आला की उठायचं आणि बंद करायचं. शे-दीडशे माणसं उभी होती, "मेन बंद कर, मेन!" असं ओरडत कुणीतरी दाराकडे धावलं होतं, आणि पडद्याच्या उजेडात मला दिसलं, पुढच्या रांगेत एकच माणूस बसून आहे. हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर. काय चाललंय म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं, सगळे उभे दिसले, आणि तो हसला.

मेन पडलं. प्रोजेक्टरचा दिवा गेला, टेप गेली, पंखा गेला. हॉल एकदम चिडीचूप झाला. त्या अंधारात डॉक्टरांचा खणखणीत आवाज आला. कान गेलेली माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठा.

"बगितलंत का साहेब? एक आवाज न्हाई, आन् सगळी उभी! म्या सांगत हुतो पोरांना, काही वाजवायचं न्हाई!"

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी खिडकीवरची घोंगडी ओढली आणि उजेड आत आला. फोरमन त्यांच्याकडे बघत उभा होता. तो दोन पावलं त्यांच्या मागे गेला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टर." ते वळले नाहीत. पुन्हा म्हणाला, "डॉक्टर." ते समोर बघून हसतच होते, लोकांना नमस्कार करत होते. बायांच्या बाजूला काकू उभ्या राहिल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

पुढचं सांगायला फारसं नाही. कंपनीनं कानांची तपासणी केली आणि महिन्याच्या आत त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे, फडकी, साबण. चिठ्ठी बघायची आणि द्यायचं. पगार तोच ठेवला, असं लोक मला येऊन सांगत, जणू मी विचारलं होतं. फोरमन वाईट माणूस नव्हता. नियमच तसा आहे म्हणाला. फिटरच्या पोशाखात डॉक्टर पुन्हा कुणाला दिसले नाहीत. बोलणंही जवळजवळ बंद झालं त्यांचं. काकूंनी सांगितलं होतं ते खरं झालं, माणूस हाती लागला नाही.

मला त्यांच्या दारात जायला चार महिने लागले. भित्रा होतो, दुसरं काय? गुरुवारी दुपारी गेलो. काकूंनी दार उघडलं, या म्हटलं नाही आणि अडवलंही नाही. डॉक्टर भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या तोंडासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. गिरणी, कॅसेट, कोरी टेप, मला झालेला आनंद, सगळं. "माझं चुकलं," म्हणालो. ते ओठांकडे बघत राहिले.

"पैलं कोण उठलं?" त्यांनी विचारलं.

"प्रेस शॉपचे ते म्हातारे."

"मागच्या रांगंतली?"

"सगळे."

"लगीच?"

"आवाज चढायला लागला तसे."

ते थोडं पुढे सरकले. "कसा चढला?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि आपला तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. खरबरीत, जड हात. मला वाटलं आता दाबणार, आणि दाबला असता तर मी हललो नसतो. "काढून दाव," म्हणाले.

मी सूं केलं. त्यांनी डोळे मिटले. "आजून वर." मी चढवलं. "आजून." भरदुपारी, त्या खोलीत, एका माणसाचा हात गळ्यावर घेऊन मी बेअरिंगसारखा किंचाळत होतो. काकू पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. माझा श्वास संपला, आवाज चिरकला आणि मी थांबलो. त्यांनी हात लगेच काढला नाही.

"खरं हाय," ते म्हणाले. "तितं शांतता नको हुती. ह्योच आवाज पायजे हुता. म्या चुकलो."

मला रडू फुटलं. ते त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पूर्वीसारखा कडक झाला. "रडं नगं मला. जा आता. पुन्यांदा ह्या दारात दिसलास तर तंगडं मोडीन."

मी उठलो. जिना उतरताना काकूंनी आतून कडी घातली, ती मला ऐकू आली. मी पुन्हा गेलो नाही.